कागदावर जगलेले गवत

कबनूरच्या ओढ्याकाठी पावसाळ्यात जी बारीकसारीक हिरवळ उगवते, तिच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्याचे लक्ष क्वचितच जाते. यंत्रमागाच्या खडखडाटात रमलेल्या परिसराला तेवढी उसंत कोठली! परंतु अशीच एक काडी मुळासकट उपटून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळविली, जाड कागदावर चिकटविली आणि उजव्या कोपऱ्यात स्थळ, तारीख, अधिवास व गोळा करणाऱ्याचे नाव लिहिले, म्हणजे तिला दस्तऐवजाचे मोल प्राप्त होते. अशा नमुन्यांच्या जतन केलेल्या संग्रहास वनस्पतिसंग्रहालय म्हणतात.

या नोंदींचे महत्त्व किती, हे एका इवल्याशा गवताच्या कहाणीवरून ध्यानात येईल. सनदी अधिकारी सेजविक आणि वनाधिकारी बेल या दोघा वनस्पतिप्रेमींनी १९१९ साली शरावतीच्या जोग धबधब्याजवळ ते गोळा केले. तुषारांनी सदैव ओल्या राहणाऱ्या कातळावर ते वाढत असे. पुढे बोर या तृणतज्ज्ञांनी या वाळलेल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले आणि हबर्ड या इंग्रज तृणतज्ज्ञांच्या सन्मानार्थ त्यास ‘हबर्डिया हेप्टॅन्युरॉन’ असे नाव दिले. ‘हेप्टॅन्युरॉन’ म्हणजे सात शिरांचे. दरम्यान शरावतीवर जलविद्युत प्रकल्प झाला, १९६४ साली लिंगनमक्की धरण पूर्ण झाले. धबधब्याचे पाणी पूर्वीसारखे राहिले नाही. जोगला हे गवत पुन्हा दिसेना आणि ते नामशेष झाले असे मानले जाऊ लागले. उरले ते केवळ कागदावर.

त्र्याऐंशी वर्षांनी, २००२ साली, ते आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात तिलारीच्या घाटात भेटले! शिवाजी विद्यापीठाचे डॉ. श्रीरंग यादव व त्यांचे सहकारी यांनी ते ओळखले. जुना नमुना व त्यावरून केलेले वर्णन जपलेले नसते, तर हे कोणते गवत आहे हे सांगण्यास आधार काय उरला असता? पुढे विद्यापीठात त्याची रोपे वाढवून ती अनुरूप जागी लावण्यात आली.

पाणथळ वनस्पतींचा नमुना करणे मात्र काहीसे किचकट काम आहे. पाण्याबाहेर काढताच नाजूक पाने एकमेकांस चिकटतात. म्हणून उथळ थाळीतील पाण्यात रोप तरंगत ठेवावे, खालून कागद सरकवावा आणि कुंचल्याने पाने पसरून कागद अलगद वर उचलावा. दाबाखालील टिपकागद पहिले काही दिवस रोज बदलावे लागतात, नाही तर बुरशी धरते. फुलांचा रंग वाळल्यावर उडतो, तेव्हा तो जागीच टिपून ठेवावा. स्थळही मोघम नसावे. ‘कोल्हापूर जिल्हा’ एवढेच लिहिल्याने शोधणाऱ्यास काय कळणार? ‘कबनूर, तालुका हातकणंगले, ओढ्याचा ओला काठ’ असे लिहिले, तर पन्नास वर्षांनंतरही तेथे जाऊन पाहता येईल.