‘फकिरा’तील संघर्ष आणि आपल्या दोन वस्त्या

सेनगाव तालुक्यातील एका गावी अण्णाभाऊ साठे जयंतीनिमित्त बोलायला गेलो होतो. कार्यक्रम मातंग वस्तीत होता. समाजमंदिरासमोर मांडव, टेबलावर अण्णाभाऊंची आणि बाबासाहेबांची प्रतिमा. रस्ता ओलांडला की पन्नास पावलांवर बौद्ध वस्ती, तिथे बुद्धविहार आणि निळा झेंडा. पण रस्ता ओलांडून आलेली माणसे मोजली तर चार.

भाषणे संपल्यावर बी.ए.ला शिकणारी एक मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, ‘सर, फकिरा कादंबरीतील संघर्षाचे प्रकार लिहा, असा प्रश्न आहे. मी चार लिहिले. गाव विरुद्ध गाव, माणूस विरुद्ध निसर्ग, व्यक्ती विरुद्ध सत्ता आणि मनातला संघर्ष. बरोबर आहे का?’

उत्तर बरोबर होते. परीक्षेत गुणही मिळतील. पण त्या पन्नास पावलांच्या अंतरावर उभे राहून ऐकताना ते मला अपुरे वाटले.

‘फकिरा’ १९५९ साली आली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या आणि शाळेचे तोंडही धड न पाहिलेल्या अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते, लाल बावट्याचे शाहीर होते. तरीही अर्पण करताना त्यांना बाबासाहेब आठवले. अण्णाभाऊ आमचे की त्यांचे, असा वाद घालणाऱ्यांनी एवढे पहिले पान तरी उघडून पाहावे.

आता त्या मुलीचे चार प्रकार एकेक करून पाहू.

पहिला, गाव विरुद्ध गाव. जोगणी आपल्या गावात यावी, जत्रा आपल्या गावात भरावी, यासाठी वाटेगाव आणि शिगाव यांच्यात चुरस आहे. जोगणी आणायला जातो फकिराचा बाप राणोजी मांग, आणि त्यातच तो मारला जातो. मान वाढतो साऱ्या गावाचा, जीव जातो राणोजीचा! ज्याला गावाच्या शिवेत बरोबरीने बसता येत नाही, त्यानेच गावाच्या शिवेसाठी मरायचे. मग याला केवळ दोन गावांचा संघर्ष कसे म्हणायचे?

दुसरा, माणूस विरुद्ध निसर्ग. दुष्काळ पडतो, माणसे अन्नावाचून तडफडतात. पण पाऊस पडला नाही हा निसर्ग. धान्य कुलपात राहिले ही मात्र व्यवस्था! पाऊस नसला तरी काही वाड्यांची कोठारे भरलेलीच असतात. फकिरा कोठार फोडतो आणि धान्य उपाशी माणसांत वाटतो. कादंबरीचा कणा हाच आहे. फकिरा देवाशी भांडत नाही, आभाळाशी भांडत नाही. कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हे त्याला नीट कळलेले आहे.

तिसरा, व्यक्ती विरुद्ध सत्ता. भुकेल्याने धान्य घेतले की तो दरोडेखोर ठरतो. मग येते हजेरी. रोज चावडीवर जाऊन आपण गावातच असल्याची साक्ष द्यायची. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याला सरकारी शिक्का मिळाला. मनूने जे केले तेच कायद्याच्या पुस्तकाने केले. इंग्रज साहेब आणि गावचा वतनदार यांची इथे हातमिळवणी होते. गोरी सत्ता आणि गावगाडा एकाच बाजूला उभे राहतात.

कोणी म्हणेल, विष्णुपंत कुलकर्णी तर फकिराच्या पाठीशी उभे राहतात. खरे आहे. अण्णाभाऊंनी भल्या माणसाला भलाच दाखवला, जात पाहून काळे फासले नाही. पण एका कुलकर्ण्याचे मन चांगले असल्याने कोठाराचे कुलूप निघत नाही आणि हजेरीही थांबत नाही. मनपरिवर्तनाची वाट पाहत बसायचे की व्यवस्था बदलायची, हा बाबासाहेबांचा प्रश्न इथे कथेच्या रूपाने उभा आहे.

चौथा, मनातला संघर्ष. आपली माणसे सरकारच्या कैदेत पडतात तेव्हा फकिरा शरण जातो. हा पराभव नव्हे. आपल्या लढ्याची किंमत दुसऱ्याने मोजू नये, असे मानणाऱ्या माणसाचा तो निर्णय आहे.

पण या यादीत एक संघर्ष नाही, कारण तो कादंबरीत नाही. महार विरुद्ध मांग हा संघर्ष अण्णाभाऊंनी लिहिला नाही. तो आपण लिहायला घेतला आहे!

बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी आहे असे वाटत राहते, म्हणून सगळे मिळून वरच्याकडे बोट दाखवत नाहीत. जातीने श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच वाटणी केली, हे त्यांनी १९३६ सालीच मांडले. वर्गलढ्याची भाषा करणाऱ्यांना हे उशिरा कळले. जातीच्या भाषेत बोलणारे आपण मात्र कोठार विसरलो.

हे आपल्या मराठवाड्याला सांगावे लागावे, याचे दुःख वाटते. नामांतराच्या दंगलीत ४ ऑगस्ट १९७८ रोजी नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारले गेले. ते मातंग होते. बाबासाहेबांच्या नावासाठी त्यांनी जीव दिला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तेव्हा जमीन एका जातीसाठी मागितली नव्हती. पुढे बीडच्या एकनाथ आवाडांनी मराठवाड्यात गायरानाचा लढा चालवला. तेही मातंग समाजात जन्मलेले आणि बाबासाहेबांच्या वाटेने चाललेले.

१ ऑगस्ट २०२४ रोजी, नेमक्या अण्णाभाऊंच्या जयंतीदिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल, असा निकाल दिला. त्यावर मतभेद आहेत. असू द्या. ज्याच्या वाट्याला कमी आले त्याने हिशेब मागितला तर तो गुन्हा नाही, आणि आकडेवारी दाखवा म्हणणाराही त्याचा शत्रू नाही. हा हिशेब एका चटईवर बसून करता येतो. पण चटईच दोन झाल्या, तर भाकरी वाटणारा तिसराच येतो.

त्याच गावात दोन्ही वस्त्यांतील जोडपी दिवाळीच्या सुमारास एकाच मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. एकाच ट्रॅक्टरमध्ये बसतात, एकाच फडात कोयता चालवतात. उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जातात. मुकादमाच्या वहीत महार-मांग असे दोन रकाने नाहीत. तिथे सगळे कोयतेच!

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. तिने वहीत पाचवा मुद्दा लिहून घेतला, ‘कोठार विरुद्ध भूक’. मग वही मिटून तिने विचारले, ‘सर, मग तुमच्या वस्तीतली माणसे आज का आली नाहीत?’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते विहारात बसून आपण सर्वांनी शोधायचे आहे. येत्या १४ एप्रिलला त्यांना बोलावण्याआधी येत्या १ ऑगस्टला आपण रस्ता ओलांडू या. पन्नासच पावले आहेत.