रडारच्या नजरेतून शेतजमिनीचा खडबडीतपणा

धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण असल्याने जमिनीतील ओल वेळेवर समजणे महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या उपग्रह-छायाचित्रात शेत दिसत नाही. रडारच्या लहरी मात्र ढगांतून पार होतात व रात्रीही उपयोगी पडतात. भारताचा ईओएस-०४ (२०२२) व भारत-अमेरिकेचा निसार (२०२५) हे असे उपग्रह आहेत.

रडारची लहर जमिनीवर तिरपी पडते. सपाट रानावरून ती आरशावरील कवडशाप्रमाणे पुढे निघून जाते. खडबडीत रानावर ती चहूकडे विखुरते व तिचा काही भाग उपग्रहाकडे परततो. जमीन ओली असल्यासही परतावा वाढतो. त्यामुळे नुकतेच नांगरलेले कोरडे रान ओले भासू शकते. म्हणून ओलीचा अंदाज बांधताना खडबडीतपणा वेगळा काढावा लागतो.

खडबडीतपणाचे तीन स्तर

१) ढेकळे व मातीचे कण : काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. वखराच्या पाळीने व जोरदार पावसाने हा स्तर लवकर बदलतो.

२) सरी-वरंबे : ठरावीक अंतराने येणारी उंचसखलता. रडार सरींना आडवे पाहत असल्यास परतावा जास्त मिळतो.

३) बांध, उतार व टेकड्या : बालाघाटच्या डोंगरउतारावर लहर पडण्याचा कोनच बदलतो.

गुळगुळीतपणा लहरीच्या लांबीवरही ठरतो. लहर ३५ अंश तिरपी असल्यास ईओएस-०४ च्या सुमारे ५.६ सें.मी. लहरीला पाऊण सें.मी.ची उंचसखलता गुळगुळीत वाटते. निसारच्या २४ सें.मी. लहरीला मात्र साडेतीन सें.मी.पर्यंतची उंचसखलताही तशीच वाटते. म्हणून एकच आकडा पुरत नाही. उंचसखलता किती व ती किती अंतराने येते, या दोन्ही गोष्टी नोंदवाव्या लागतात.

शेतावर मोजणी

बारीक कड्यांची १०० सें.मी. लांब साखळी जमिनीच्या चढउतारांना चिकटवून अंथरावी. दोन टोकांतील सरळ अंतर ८० सें.मी. भरल्यास खडबडीतपणा २० टक्के समजावा. मोजणी सरीच्या दिशेने व सरीला आडवी अशी दोन्ही प्रकारे, निरनिराळ्या ठिकाणी करावी.

शेतकरी बंधूंनो, नांगरट, पाळी, पेरणी व मोठा पाऊस यांच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. ओलीची पाहणी करणाऱ्यांना ही नोंद उपयोगी पडते. शिवाय उताराला आडव्या सऱ्या पावसाचे पाणी अडवितात व माती वाहून जाऊ देत नाहीत, हा लाभ शेतकऱ्याच्या पदरात पडतोच.