पाणी कोठे मुरते आहे?

(जुना ब्लॉक विकत घेण्यापूर्वी त्याच्या भिंतींशी चार शब्द बोलावेत, एवढेच सांगणे)

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. आता शहरातला पगारदार माणूस घर बांधीत नाही. एकाने बांधलेले, दुसऱ्याने पंधरावीस वर्षे वापरलेले घर तो विकत घेतो. पण ते पाहतो कसा? साडी घेताना आपली गृहिणी पदर उलगडते, दुकानाच्या दारात नेऊन उजेडात धरते, पोत बोटांनी चाचपते. दहा रुपयांची वांगी घेतानाही कीड नाही ना, हे ती देठापासून बघते. आणि प्रॉव्हिडंट फंडाची पुंजी ओतून, वर वीस वर्षांचे कर्ज काढून जी जागा घ्यायची, ती मात्र आपण मालकांनी दिलेला चहा घेत घेत वीस मिनिटांत पसंत करतो! “हवेशीर आहे हो! स्टेशनही जवळ आहे!” झाले, बयाणा दिला.

माझी सारी नोकरी बांधकामावर देखरेख करण्यात गेली. त्यामुळे ओळखीपाळखीत कोठे जागेवरून वाजले, की मला बोलावणे येते. या भांडणांत एक गंमत असते. दोन्ही पक्ष सज्जन असतात आणि दोघांनाही आपलेच खरे वाटते.

ठाण्याच्या एका मुख्याध्यापकांनी चैत्रात ब्लॉक घेतला. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, अगदी दुधासारख्या. आषाढात झोपण्याच्या खोलीची भिंत घामेजली, श्रावणात तिचे पोपडे निघाले. जुने मालक म्हणाले, “तुम्ही तीनदा जागा पाहिलीत, तेव्हा कोठे ओल होती?” मुख्याध्यापक म्हणाले, “मग विकायच्या आधी रंग कशाला काढलात?” मी माळ्यावर चढलो. रंगाऱ्याचा ब्रश तेथपर्यंत पोहोचला नव्हता. मागच्या भिंतीवर चहाच्या रंगाचे डाग होते, एकाभोवती एक अशा कडांचे. प्रत्येक कड म्हणजे एक पावसाळा. ओल जुनी आणि मालकांना ठाऊक असणारी, हे तर उघड झाले. पण मालक लगेच म्हणाले, “माळा काही मी कुलूप लावून ठेवला नव्हता!” अखेर दुरुस्तीचा खर्च निम्मा निम्मा वाटून घेतला. दोन घरांचे बोलणे मात्र तुटले ते तुटलेच.

कायद्याचा काटाही नेमका येथेच अडतो. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५व्या कलमाचा आशय असा, की जागेत महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला ठाऊक असेल, घेणाऱ्याला ठाऊक नसेल आणि सामान्य काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात येण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक ठरते. वाचकहो, यातले ‘सामान्य काळजी’ हे दोन शब्द मनात ठेवा. डोळे उघडे ठेवून जे दिसले असते, त्याबद्दल पुढे तक्रार करणे कठीण. शिवाय करारात वेगळे ठरले असेल, तर तेच चालते. ‘जागा पाहून, तपासून, समाधान झाल्यावर घेतली’ असे वाक्य करारनाम्यात बहुधा असते. आपण ते न वाचता सही करतो आणि भांडणात तेच पहिल्याने आपल्यापुढे ठेवले जाते. तेव्हा खरोखरच पाहायला शिकावे, हे बरे.

ओल

जागा पाहायला उत्तम मुहूर्त कोणता? आषाढ! लग्नाला वर्ज्य असला तरी या कामाला त्याच्यासारखा महिना नाही. मुंबई-कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती आधी पाहाव्यात. उन्हाळ्यात जावे लागले, तर रंगारी जेथे जात नाही तेथे जावे. माळा, भिंतीतल्या कपाटाचा आतला भाग, पडद्याची पेलमेट, ओट्याखालचा कोपरा. भिंतीवर पांढरी, मिठासारखी पूड दिसली तर तो लोणा. पाणी भिंतीतून येऊन सुकले, क्षार मागे राहिले. एकाच भिंतीला ताजा रंग, एकाच खोलीला नवे खोटे छत किंवा एकाच कोपऱ्याला कागद चिकटवलेला असेल, तर “येथेच का?” असे हसतमुखाने विचारावे. गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे.

मोरी

मोरीत बादलीभर पाणी ओतावे आणि दोन मिनिटे उभे राहावे. पाणी जाळीकडे धावते, की कोपऱ्यात तळे करते? पण याहून मोठी युक्ती सांगतो. आपल्या मोरीची गळती आपल्याला कधीच दिसत नाही, ती खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर दिसते! म्हणून खालच्या मजल्यावर जावे, “आम्ही वर राहायला येणार आहोत” अशी ओळख करून द्यावी. त्या वहिनी स्वतःच मोरीत नेऊन छत दाखवतील आणि मागच्या चार वर्षांचा पत्रव्यवहारही वाचून दाखवतील. हे केले नाही, तर गृहप्रवेशाच्या आठव्या दिवशी हीच तक्रार तुमच्या दारात उभी राहते आणि नव्या शेजाराचा आरंभ भांडणाने होतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून आणि बाहेरच्या सामाईक नळांतून होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची असते; संडास-मोरीची आतली गळती ज्याच्या ब्लॉकातून होते, त्याने.

भेगा आणि गंज

भेग दिसली की घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. केसाएवढ्या, जाळीसारख्या भेगा बहुधा गिलाव्याच्याच असतात. काँक्रीटची तुळई आणि विटांची भिंत जेथे भेटतात, तेथे सरळ रेघ पडते. दोन्ही पदार्थ उन्हापावसात सारखे फुगत-आकसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरच्या भिंतीत मात्र तिच्यातून पाणी शिरते. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली रुंद भेग पाया कोठेतरी खचत असल्याची खूण असू शकते. तेथे आपली अक्कल पुरे करून इंजिनियर न्यावा.

सर्वांत वाईट भेग खांबाच्या उंचीने उभी जाणारी. आतली सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. अशा भेगेतून तांबूस ओघळ दिसला, तर तो रंगाने झाकण्याचा रोग नव्हे. आणि खांब एका ब्लॉकचा नसतो, साऱ्या इमारतीचा असतो. म्हणून तळमजल्यावर, जिन्याखाली, गाड्या ठेवण्याच्या जागेत खांब पाहावेत. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची रचनेच्या दृष्टीने तपासणी ५ वर्षांतून एकदा, त्याहून जुनीची ३ वर्षांतून एकदा व्हावी, असे त्याच उपविधींत आहे. सेक्रेटरींकडे तो अहवाल मागावा. मोठी दुरुस्ती तोंडावर आली असेल, तर तिची वर्गणी नव्या सभासदाच्या गळ्यात पडायची!

चौकट, टेप आणि नकाशा

दाराच्या चौकटीला खाली, जमिनीलगत ठोकावे. वाळवी लाकूड आतून खाते, वरचा पापुद्रा शाबूत ठेवते. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली, तर पाहुणी घरातच आहे.

मग टेप काढावी. लाजू नये. जुन्या कागदांत ‘सुपर बिल्ट-अप’ म्हणून मोठा आकडा असतो. त्यात जिन्याचा आणि लिफ्टचाही वाटा असतो. तुमची सतरंजी अंथरली जाईल ती जागा वेगळी. गॅलरी खोलीत घेतली असेल किंवा मधली भिंत काढली असेल, तर मंजूर नकाशाशी ताडून पाहावे. जुन्या इमारतीत भिंतींवरच भार असतो. तेथे “हॉल मोठा केला” हे वाक्य कौतुकाचे नसून काळजीचे असते.

बिल्डरकडून नवी जागा घेणाऱ्याला थोडे अधिक संरक्षण आहे. २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत रचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष दाखवून दिला, तर ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. एका कुटुंबाने दुसऱ्याला जुनी जागा विकताना हे कलम उपयोगी पडत नाही. तेथे आपले डोळे आणि तो ५५ कलमाचा आधार, एवढेच.

आता दोन शब्द विकणाऱ्यांना. दोष सांगितला तर गिऱ्हाईक पळेल, ही भीती मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. अनुभव उलटा आहे. “पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, दोन वर्षांपूर्वी बाहेरून गिलावा केला, ही पावती,” असे सांगणाऱ्याची किंमत थोडी घासाघीस होऊन कमी होते. पण व्यवहार तेथे संपतो. जो रंगाचा हात फिरवून गप्प बसतो, त्याचा व्यवहार खरेदीखतानंतर सुरू होतो. सांगितलेले करारनाम्यात लिहून द्यावे. ते कागद विकणाऱ्यालाही तेवढेच तारतात.

दिवाळी झाली, की नवी जागा पाहायला पुष्कळजण बाहेर पडतील. सणाच्या रंगाने सगळीच घरे या दिवसांत देखणी दिसतात. खिशात टेप आणि बॅटरी ठेवा, घरातल्या गृहिणीला बरोबर न्या आणि तिला म्हणावे, “साडी पाहतेस ना, तशी ही भिंत पाहा.” इंजिनियर येईपर्यंत निम्मे दोष तिने सांगितलेले असतील.