लहान ट्रॅक्टरच्या पोटातलं तेल

तीन वर्षांपूर्वी गोडी छाटणीच्या तोंडावर आमच्या द्राक्षबागेतल्या लहान ट्रॅक्टरची लिफ्ट सुस्तावली. सकाळी इंजिन चालू केलं की मागून बारीक किंकाळीसारखा आवाज यायचा. लिव्हर ओढल्यावर रोटर अडखळत, थरथरत वर यायचा. निफाड तालुक्यातल्या कुणालाही विचारा, छाटणी झाली की डाऊनी रोगाच्या धास्तीने फवारणीला रात्र-दिवस राहत नाही, आणि त्या दिवसांत ट्रॅक्टर बसला तर बाग बसते. एकाने सांगितलं, पंप गेला, नवा टाका. खर्चाचा आकडा ऐकून मी गावातल्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पंपाकडे पाहिलंही नाही. खाली वाकून ड्रेन प्लग दोन आटे सैल केला, बोटावर थेंब घेतला आणि म्हणाले, "भाऊ, पंपाचं नंतर बघू. हे तेल आहे की कॉफी?"

तेल खरंच दुधाच्या कॉफीसारखं दिसत होतं. पाणी शिरलं होतं. पंप धडधाकट होता, त्याला प्यायला जे मिळत होतं ते वाईट होतं. त्या दिवसापासून या तेलाबद्दल जे शिकत आलो, ते इथे मांडतो आहे. इंजिन ऑइल बदलायचं हे आपल्याकडे प्रत्येकाला पाठ असतं. मागच्या तेलाची आठवण मात्र लिफ्ट बसल्यावरच येते.

लिफ्टचं बळ येतं कुठून, हे आधी पाहू. पंप तेल दाबतो आणि ते तेल सिलिंडरमधल्या पिस्टनला ढकलतं. लहान ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये दर चौरस सेंटीमीटरला साधारण 150 ते 200 किलोचा दाब तयार होतो. पिस्टनचा व्यास 7 सेंटीमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणजे 150 किलोच्या दाबानेही पिस्टनवर पावणेसहा टनांच्या आसपास जोर येतो. मधल्या दांड्यांच्या तरफेत तो वाटला जातो आणि 24 ते 27 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या लिंकच्या टोकाला साधारण 750 किलो उचलण्याची ताकद उरते. एवढा जोर वाहून नेणाऱ्या तेलाला पंपाच्या आत अवघ्या काही मायक्रॉनच्या फटींतून जावं लागतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. वाळूचा डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे कानसीचं काम करतो.

पण उचलणं हे या तेलाचं एकच काम झालं. बहुतेक लहान ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, मागचा आस, तेलात बुडालेले ब्रेक आणि लिफ्ट हे सगळं एकाच पोटातलं एकच तेल वापरतं. ही रचना जुनी आहे. हॅरी फर्ग्युसन या आयरिश संशोधकाने अवजार ट्रॅक्टरला जोडून हायड्रॉलिकने त्याची खोली राखण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी 1925 साली अर्ज केला. 1939 साली हेन्री फोर्डबरोबर त्याने 9एन ट्रॅक्टर आणला आणि 1946 पासून इंग्लंडमध्ये टीई20 तयार होऊ लागला. त्या टीई20च्या मागच्या पेटीतच पंप बसवलेला होता, आणि गिअर व लिफ्ट एकाच तेलावर चालत. आपल्या गावागावांत ज्याला नुसतं 'मॅसी' म्हणतात, त्याचं घराणं हेच.

एकाच तेलाला इतकी कामं लावली की त्यात गुणही परस्परविरोधी लागतात. गिअरच्या दात्यांना जाड, चिवट थर हवा. पंपाला थंडीतही पटकन वाहणारं पातळ तेल हवं. तेलातल्या ब्रेकची गोष्ट आणखी वेगळी. तेल फार निसरडं असेल तर ब्रेक लागत नाही, कमी निसरडं असेल तर ब्रेक दाबताना कर्रकर्र आवाज करत थरथरतो. हा मधला तोल साधण्यासाठी तेलात खास रसायनं घालावी लागतात. अशा तेलाला यूटीटीओ म्हणतात, दुकानात ते 'वेट ब्रेक ऑइल' किंवा 'ट्रान्समिशन-हायड्रॉलिक ऑइल' म्हणून मिळतं. जॉन डीअरचं हाय-गार्ड, कुबोटाचं सुपर यूडीटी ही त्याच जातीची तेलं.

आता निवडीकडे येतो, कारण फसगत इथेच होते. पहिला मोह जेसीबीवाल्याकडच्या ड्रममधल्या हायड्रॉलिक तेलाचा. त्यावर 46 किंवा 68 असा आकडा असतो. 40 अंश सेल्सिअसला तेल किती दाट, एवढंच तो आकडा सांगतो. पंपाला ते तेल चालेल, लिफ्ट दोन दिवस छान उचलेलही, पण गिअरचे दाते आणि ब्रेकच्या चकत्या यांच्यासाठी त्यात काही घातलेलं नसतं. दुसरा मोह नुसत्या गिअर ऑइलचा. त्यातल्या जीएल-5 दर्जाच्या तेलात गंधक-फॉस्फरसाची तीव्र रसायनं असतात, ती गरम झाल्यावर पितळी आणि काशाच्या भागांना खाऊ शकतात, आणि तेलातल्या ब्रेकला तर ती मानवतच नाहीत. काही ट्रॅक्टरांत लिफ्टची टाकी वेगळी असते, काहींत ब्रेक कोरडे असतात. तिथे कंपनी वेगळं तेल सांगते. म्हणून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला जे चालतं ते आपल्याला चालेलच असं नाही. आपल्या मॅन्युअलमध्ये ज्या दर्जाचं नाव छापलं आहे तेच कॅनच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर कॅन परत द्यावा. कंपनीचंच तेल घ्यावं असा माझा आग्रह नाही, दर्जा तोच असेल तर दुसरं चांगलं तेलही चालतं. रंगावर मात्र जाऊ नये. लाल तेल म्हणजे भारी तेल हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे, तो नुसता रंग असतो.

कॅनच्या पुढच्या बाजूवरच्या नावाला किती किंमत द्यावी, याचा एक धडा अमेरिकेत मिळाला आहे. तिथे एके काळी जॉन डीअरचं '303' नावाचं ट्रॅक्टर तेल नावाजलेलं होतं. त्याच्या गुणाचं एक कारण म्हणजे त्यात घातलेलं स्पर्म व्हेलचं तेल. 1970 साली अमेरिकेत स्पर्म व्हेल संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला, त्याच्या तेलाचा वापर थांबला आणि जॉन डीअरने 303 बंद केलं. तो आकडा मात्र मेला नाही. इतर उत्पादक पुढे कित्येक दशकं पिवळ्या बादल्यांवर '303' छापून स्वस्त तेल विकत राहिले. त्या आकड्यामागे आता कुठलाही जिवंत दर्जा नव्हता. शेवटी मिसुरी राज्याने 2017 साली 303 या नावाने तेल विकायला बंदी घातली. आपल्याकडच्या कॅनवर 'सर्व ट्रॅक्टरांसाठी उपयुक्त' एवढंच लिहिलेलं दिसलं की मला त्या पिवळ्या बादल्या आठवतात.

बदलायचं कधी? साल-महिन्यांवर न जाता तासांच्या मीटरवर जावं. नव्या ट्रॅक्टरचे गिअर पहिल्या काही दिवसांत एकमेकांशी घासून बसतात आणि त्यांची बारीक धातूची पूड तेलात उतरते. म्हणून पुष्कळ लहान ट्रॅक्टरांत पहिली बदली किंवा निदान फिल्टरची बदली 50 तासांच्या सुमारास सांगितलेली असते. हायड्रोस्टॅटिक गिअर असलेल्या जपानी धाटणीच्या ट्रॅक्टरांत पुढे तीन-चारशे तासांनी, तर साध्या गिअरच्या भारतीय ट्रॅक्टरांत हजार तासांच्या आसपास. नेमका आकडा मॅन्युअलचाच धरावा. पण द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरला हजार तासांची वाट पाहू नये, असं मी अनुभवाने म्हणतो. त्याचं कारण पाणी.

बागेत फवारणी झाली की ट्रॅक्टर धुवावाच लागतो. मोरचूद आणि बाकीची औषधं पत्रा खातात. पण ब्लोअर तीन तास चालवून आलेला ट्रॅक्टर आपण तसाच तापलेला धुवायला घेतो. पोटातली हवा गरम असते. गार पाण्याचा फवारा बसला की ती आकसते आणि श्वासनळीच्या टोपीतून, गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून, पीटीओच्या सीलमधून बाहेरची ओल आत ओढते. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरमध्ये दिवस-रात्रीच्या उष्णता-गारव्याने तेच थोडं थोडं रोज घडतं. माझ्या ट्रॅक्टरच्या लिव्हरचं रबर फाटलेलं होतं, आणि मी प्रेशर पंपाचा नोझल नेमका त्यावर धरत होतो. आता ट्रॅक्टर निवाल्यावरच धुतो आणि त्या रबरावर आधी पिशवी बांधतो.

पाणी आहे की नाही हे घरी कळतं. थोडं तेल काचेच्या बरणीत रात्रभर ठेवावं, पाणी जास्त असेल तर तळाशी उतरतं. थोडं असेल तर तेल नुसतं धुरकट दिसतं. मग जुन्या तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकावा, तोंड लांब ठेवून. तडतडलं तर पाणी आहे. तेलात फेस आणि पंपाचा आवाज असेल, पण तेल स्वच्छ असेल, तर पातळी कमी आहे किंवा पंपाकडे जाणाऱ्या नळीत हवा शिरते आहे, असं समजावं.

तेलात पाण्याखेरीज आणखी एक पाहुणा येतो, त्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. हायड्रॉलिक ट्रॉली किंवा पलटी नांगर गावात फिरत असतो. तो जोडला की त्याच्या सिलिंडरमधलं, म्हणजे आधी जोडलेल्या ट्रॅक्टरचं तेल आपल्या पोटात येतं. शिवाय सिलिंडर लांब करून ट्रॉली सोडली तर आपलं लिटर-दोन लिटर तेल तिच्याबरोबर जातं. उसनी ट्रॉली सोडताना सिलिंडर पूर्ण मिटवावा, कपलरची तोंडं जोडण्याआधी चिंधीने पुसावीत, आणि दोन दिवसांनी तेलाची पातळी पाहावी.

बदलताना ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल कोमट करावं, तरच तळाची घाण वाहत्या तेलाबरोबर निघते. सपाट जागा, इंजिन बंद, लिंक पूर्ण खाली. लिंक वर राहिली तर सिलिंडरमधलं जुनं तेल तसंच अडकतं. ड्रेन प्लग बहुधा एकाहून जास्त असतात, मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंचे प्लग विसरले जातात. प्लगच्या चुंबकावर करडा लोण्यासारखा थर दिसला तर घाबरू नये, तो नेहमीचा. हाताला टोचणारे तुकडे मिळाले तर मिस्त्रींना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. फिल्टर किंवा जाळी याच वेळी बदलावी, धुवावी. जुन्या जाळीमागे नवं तेल ओतणं म्हणजे पैसे वाया. डिझेल घालून पोट धुण्याची पद्धत मला पसंत नाही, कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नव्या तेलाला पातळ करतं. माझं तेल फार बिघडलं होतं म्हणून मिस्त्रींनी त्याच दर्जाचं तेल घालून ट्रॅक्टर दोन तास चालवला, ते काढून टाकलं आणि मग पुन्हा भरलं. दुप्पट तेल लागलं, तरी नव्या पंपापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडलं. भरल्यावर लिफ्ट दहा-बारा वेळा वर-खाली करून पातळी पुन्हा पाहावी, ती हमखास उतरलेली असते.

एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. दाबाखालच्या नळीला सुईएवढं भोक असेल तर तिथून निघणारी तेलाची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत मांस कुजू लागतं आणि हात कापायची वेळ येऊ शकते. गळती कधीही हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावी. तशी जखम झालीच तर त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठावं आणि 'दाबाचं तेल आत गेलंय' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

काढलेलं तेल बांधावर ओतू नये, विहिरीजवळ तर नाहीच. वापरलेलं तेल 2016च्या घातक कचरा नियमांत मोडतं आणि ते अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जायला हवं. कॅनमध्ये भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं.

आमच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला मी आता पांढऱ्या रंगाने तीन गोष्टी लिहून ठेवतो: मीटरवरचे तास, तेलाचा दर्जा आणि भरलेले लिटर. ट्रॅक्टर मी चालवो, भाऊ चालवो की मजूर, उत्तर पत्र्यावर असतं. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा कराल, तेव्हा बॉनेट उघडा आणि तुमच्याही ट्रॅक्टरवर या तीन ओळी लिहा.