कपबशी कोणी विसळायची?

सोळा रस्ते जेथे एकत्र येतात त्या लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या रेल्वे स्थानकासमोर चहा सांगितला, तर तो कशातून येईल याचा आता नेम राहिलेला नाही. जुन्या हॉटेलात कपबशी येते, टपरीवर काचेचा जाड ग्लास किंवा कागदी कप, आणि झगमगत्या नव्या दुकानात मातीचे कुल्हड. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा किंवा फॅशनचा भाग वाटतो. परंतु प्यायलेले भांडे कोणी धुवायचे, कोणत्या पाण्याने धुवायचे आणि ते पुन्हा कोणाच्या ओठाला लावायचे, या प्रश्नांनीच मराठवाड्यात चहाची भांडी बदलत गेली आहेत.

चहा करण्याच्या भांड्यांत त्या मानाने फारसा बदल झाला नाही. येथील हॉटेलांत अजूनही 'जर्मन'चे, म्हणजे ॲल्युमिनियमचे भगुणे शेगडीवर दिसते. त्याला कारण आहे. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंधरा पट उष्णता वाहून नेते. त्यामुळे आच बुडाशी एकाच जागी साचत नाही आणि दूध सहसा लागत नाही. अमृततुल्यवाल्यांच्या पितळी पातेल्याला मात्र आतून कल्हई लागते. तांबे-पितळेशी चहा-दुधाचा थेट संबंध येऊ नये म्हणून हा कथलाचा थर. कल्हईवाले दुर्मीळ झाले, तसे पितळही शोभेपुरते उरले.

पिण्याच्या भांड्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि हैदराबादच्या इराणी हॉटेलांत चहाची ओळख चिनी मातीच्या कपबशीशी बांधलेली होती. बशी मुळात कपाखाली ठेवायची. पण चहा बशीत ओतून फुर्र करून पिण्याची रीत येथे रुळली. पसरट बशीत चहाचा पृष्ठभाग वाढतो आणि तो झटकन निवतो, एवढे साधे शास्त्र त्यामागे आहे. हा प्रकार गावंढळ मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : अठराव्या शतकात इंग्लंडातही बशीतून चहा पिण्याची पद्धत होती. बशीचा दुसरा उपयोग म्हणजे वाटणी. एक चहा सांगावा, एकाने कपातून प्यावा, दुसऱ्याने बशीतून.

अर्थात ही वाटणी सर्वांसाठी नव्हती. धातूचे भांडे राखेने किंवा चिंचेने घासून शुद्ध करता येते, चिनी मातीचे तसे करता येत नाही, अशी सनातनी समजूत होती. त्यात कप कोणाच्या हातचा, हा प्रश्न. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. हा वाद प्रतिष्ठितांचा होता, म्हणून त्याची नोंद झाली. खेड्यापाड्यांतील हॉटेलांत दलितांसाठी कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली असे. प्यायल्यावर ती गिऱ्हाइकानेच विसळून जागेवर ठेवायची आणि पैसे मात्र इतरांइतकेच मोजायचे. मराठवाड्याला लागून असलेल्या अक्कलकोट तालुक्यातील अशा वेगळ्या कपबशीचा, आणि तिच्याविरुद्ध केलेल्या तक्रारीचा प्रसंग शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनात आला आहे. सार्वजनिक हॉटेलातील भांडी वापरण्यास अस्पृश्यतेवरून मज्जाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले होते. १९७६ मध्ये तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून अधिक कडक झाला. कायद्याला चक्क भांड्यांचा उल्लेख करावा लागला, यातच परिस्थिती कळून येते.

याच प्रदेशात याच्या नेमकी उलट रीतही नांदते. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांतील लंगरात चहा स्टीलच्या भांड्यातून मिळतो आणि ती भांडी घासणे ही सेवा मानली जाते. कोणाचे उष्टे कोणी घासले याची चौकशी होत नाही. स्टील पडले तरी फुटत नाही, उकळते पाणी सोसते. हजारोंच्या पंगतीला याहून सोयीचे भांडे नाही. अर्थात त्यासाठी पाणी मुबलक हवे. नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार आहे.

लातूरला तसा आधार नाही. मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन शहरात पोहोचली. माणशी घागरी मोजल्या जात असताना ग्लास विसळण्याचे पाणी आणायचे कोठून? एरवीही टपरीवरच्या बादलीतील एकाच पाण्यात दिवसभराचे ग्लास बुचकळले जातात, हे गिऱ्हाईक पाहत असतेच. अशा गावात वापरून फेकायचा कप ही चैन नव्हे, तो हिशेब असतो.

पण फेकलेला कप कोठेतरी जातोच. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिक व थर्माकोलच्या कपांवर बंदी आली आणि टपऱ्यांवर कागदी कपांचे मनोरे उभे राहिले. २०२० च्या साथीने त्यांची सवय पक्की केली. हा कप नुसत्या कागदाचा असता तर चहाने विरघळला असता. त्याला आतून सहसा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना २०२० मध्ये असे आढळले, की १०० मिलिलिटर गरम पेय अशा कपात १५ मिनिटे राहिल्यास त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. चहावर कोणी पंधरा मिनिटे घालवत नाही, हे खरे. पण दिवसातून पाच-सहा चहा घेणाऱ्या आडत्याने किंवा हमालाने ही बेरीज करून पाहावी.

कुल्हडाचे कौतुक होते, तेही जरा जपून करावे. २००४ मध्ये रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी रेल्वेत ते आणवले, त्याआधीपासून उत्तरेत ते चालतच होते. तिथेही उष्ट्याचा प्रश्न फोडून टाकण्याने सुटला होता. भट्टीत भाजलेली माती पुन्हा सहजी माती होत नाही. आणि भट्टीला इंधन लागते.

शेगडी दिवसभर पेटलेली असते अशा टपरीवर एका भगुण्यात उकळते पाणी ठेवून काचेचे ग्लास त्यातून काढणे फारसे अवघड नाही, आणि त्याला बादल्यांनी पाणीही लागत नाही. तूर्त तरी कागदी कपाचीच चलती आहे. जातीवरून वेगळ्या ठेवलेल्या कपाच्या मुलखात आता प्रत्येकाचाच कप वेगळा झाला. त्या कपाला बशी मात्र नसते. एका चहात दोघांचे भागवायचे तर दुसरा रिकामा कप मागून घ्यावा लागतो.