उचल घेण्याआधी

सकाळी 6:30 भादव्याची सर कोसळतेय. गटांची दप्तरं प्लास्टिकमध्ये गुंडाळून मी अंबाडी नाक्यावर उभी. मी ‘उमेद’ या बचतगटांच्या सरकारी अभियानाची सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती, पण भिवंडी तालुक्यातल्या या पाड्यांवर ‘गटवाली ताई’ म्हटलं की ओळख पटते. माणकोली, वळ, सोनाळ्याच्या गोदामांकडे बायका भरून निघालेल्या गाडीत आज एक नवा चेहरा. तिचा नवरा तीन आठवड्यांपूर्वी गोदामात थप्पीवरून पडला. मुकादमाने पहिल्या दिवशी दवाखान्याचं रिक्षाभाडं दिलं, त्यानंतर फोन उचललेला नाही.

9:00 पाड्यावर तिच्या घरी. तो पाय प्लास्टरमध्ये घालून भिंतीला टेकलेला. खुराड्याचं दार सताड उघडं, आत पिसं तेवढी. आधी कोंबड्या गेल्या, मग बोकड, मग सासूच्या कानातलं. सोनाराची चिठ्ठी तिने तांदळाच्या डब्यात ठेवलीय. डब्यात तांदूळ चार बोटं. म्हणून भाताऐवजी पेज. आवणी उरकली, कापणीला वेळ आहे, मधल्या दिवसांत शेतावर मजुरी नसते. 1978 पासून आदिवासींना सरकारी खावटी मिळू लागली ती याच पोकळीसाठी.

आठवीतली पोर धाकट्याला कडेवर घेऊन उभी. “शाळा सोडली नाय, थोडे दिस जात नाय,” आजी म्हणाली.

11:00 ग्रामपंचायत. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला, पण काम मागितल्याची तारखेसह पोच हातात नसेल तर मागणी केल्याचा पुरावा काय? तिच्यासाठी कामाच्या मागणीचा नमुना 4 भरला आणि पोच मिळेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

दुपारी 1:00 पाड्यावर परत. भाकरी खाता खाता पाहिलं, शेजारीण तिच्या घरी मापटंभर तांदूळ ठेवून गेली. उसन्याची नोंद कुठल्याच वहीत नसते, पण कोणी विसरत नाही.

3:00 गटाची बैठक. सुनेच्या जागी सासू आली. गरज सहा हजारांची, पेटीत चार हजार तीनशे. “फेडणार कशी?” एकीने विचारलंच. तेव्हा सासू हळूच बोलली: भट्टीवाल्या शेठचा माणूस दहा हजार द्यायला तयार आहे. दिवाळीनंतर कामाला यायचं.

बायका गप्प झाल्या. वीटभट्टीची उचल जोडीवर मिळते, मजुरी हजार विटांवर. त्याचा पाय मोडलेला, मग जोडीला कोण? सगळ्यांची नजर दाराकडे गेली. पोर तिथेच उभी होती.

वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. श्रमजीवी संघटनेने याच पट्ट्यात मजूर सोडवले. तरी उचल येतेच, कारण ती दारात येते, रोख येते आणि कागद मागत नाही. आमचे कागद होईपर्यंत घरातला शेवटचा डाग विकला जातो.

ठरलं: तीन हजार आत्ताच. उरलेले गावातल्या गटांच्या ग्रामसंघाने अडीनडीसाठी ठेवलेल्या निधीतून.

रात्री 8:30 दप्तर लिहायला बसले. ग्रामसंघाची बैठक महिनाअखेरीस आहे. शेठचा माणूस सर्वपित्रीनंतर परत येणार. कॅलेंडर पाहिलं: अमावास्या आधी येते.

वही तशीच ठेवली आणि अध्यक्षबाईंना फोन लावला. “ताई, बैठक आठवडाभर अलीकडे घेऊ या.”