टेकडीवरचं अंगण

२०१९च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन शहरात कुत्र्यांवरून वाद पेटला. हॉवर्ड विद्यापीठाच्या मधोमध हिरवळीचं एक मोठं मैदान आहे. आसपासच्या वस्तीत नव्याने राहायला आलेली, बहुतेक गोरी मंडळी तिथे कुत्री फिरवायला येऊ लागली होती. विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. त्यावर एका रहिवाशाने बातमीदारापुढे बोलून टाकलं की, विद्यापीठाला शहराशी जुळवून घ्यायचं नसेल तर त्यांनी कॅम्पसच दुसरीकडे हलवावा. दीडशेहून अधिक वर्षं त्या टेकडीवर ठाण मांडून असलेल्या संस्थेला हा सल्ला परवा-परवा आलेल्या शेजाऱ्याकडून मिळाला. देशभरातले माजी विद्यार्थी खवळले आणि शेवटी कुत्री आवारात आणू नका, असं विद्यापीठाच्या अध्यक्षांना सांगावं लागलं.

बाहेरच्या माणसाला हा कांगावा वाटू शकेल. गवतच तर आहे! पण त्या मैदानाचं नाव ‘द यार्ड’. यार्ड म्हटलं की आपल्याला रेल्वेचं यार्ड किंवा बाजार समितीचं मार्केट यार्ड आठवतं. इथे त्याचा अर्थ सरळसरळ अंगण असा घ्यावा. अंगणात कोण येतं, कसं येतं, चपला कुठे काढतं, याचे नियम कुठे लिहिलेले नसतात आणि घरच्या सगळ्यांना ते ठाऊक असतात.

कॅपिटॉलच्या घुमटापासून उत्तरेला साडेतीन-चार किलोमीटरवर, जॉर्जिया ॲव्हेन्यूच्या चढाला लागून हॉवर्डची टेकडी आहे. यार्डच्या एका अंगाला फाउंडर्स लायब्ररी. लाल विटांची, पांढऱ्या मनोऱ्याची आणि मनोऱ्यावर घड्याळ असलेली ही इमारत १९३९ साली उघडली. तिचा आराखडा आल्बर्ट कॅसल या कृष्णवर्णीय वास्तुरचनाकाराचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा फिलाडेल्फियातल्या ज्या इमारतीत मंजूर झाला, तिची छाया या ग्रंथालयावर मुद्दाम पाडलेली आहे. शेजारच्या डग्लस हॉलला नाव आहे फ्रेडरिक डग्लस यांचं. गुलामीतून पळालेले आणि देशातले सर्वांत मोठे कृष्णवर्णीय वक्ते ठरलेले डग्लस या विद्यापीठाचे विश्वस्त होते. ही दोन्ही आणि रँकिन चॅपेल ही छोटी प्रार्थना-वास्तू, अशा तीन इमारती मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून जपल्या आहेत.

विद्यापीठाची सनद २ मार्च १८६७ची. यादवी युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. गुलामीतून सुटलेल्या चाळीस लाख लोकांसाठी सरकारने जे खातं काढलं, त्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड. त्यांचंच नाव विद्यापीठाला दिलं. युद्धात उजवा हात गमावलेला हा धर्मभीरू सेनापती पुढे पश्चिमेकडे जाऊन मूळ अमेरिकन जमातींविरुद्धही लढला, हे मात्र गौरवगाथांमध्ये सहसा येत नाही. आणखी एक गंमत म्हणजे इथल्या पहिल्या विद्यार्थिनी संस्थापकांच्याच गोऱ्या मुली होत्या. रंग आणि लिंग न पाहता प्रवेश, हे धोरण पहिल्यापासूनचं. ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ’ ही सरकारी संज्ञा पुढे १९६५च्या कायद्याने आली. १९६४पूर्वी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्था त्यात मोडतात. आज त्या शंभराच्या आसपास आहेत, आणि त्यांत हॉवर्डचा मान वेगळा. विद्यार्थी त्याला ‘द मक्का’ म्हणतात.

आपल्याकडच्या वाचकाला १८६७ हे साल लांबचं वाटू नये. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३चं. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं, तेव्हा या टेकडीवरच्या वर्गांना जेमतेम सहा वर्षं झाली होती.

यार्डवरची झाडं नीट पाहिली की काहींच्या बुंध्यांना रंग दिलेले दिसतात. गुलाबी-हिरवा, किरमिजी-मलईरंगी, जांभळा-सोनेरी, निळा-पांढरा. ही विद्यार्थी-संघटनांची खूण. अमेरिकेतल्या नऊ मोठ्या कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटी (मुलांच्या संघटना) आणि सोरॉरिटी (मुलींच्या) यांना मिळून ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात आणि त्यांतल्या पाच इथेच जन्मल्या. १९०८ साली अल्फा कप्पा अल्फा, १९११ साली ओमेगा साय फाय, १९१३ साली डेल्टा सिग्मा थीटा, १९१४ साली फाय बीटा सिग्मा आणि १९२० साली झीटा फाय बीटा. ग्रीक अक्षरांची नावं पाहून हे श्रीमंत पोरांचे क्लब असावेत असं वाटतं. पण डेल्टाच्या बावीस संस्थापक मुलींचं पहिलं सार्वजनिक काम म्हणजे ३ मार्च १९१३चा स्त्री-मताधिकाराचा मोर्चा. संघटना स्थापून दोन महिनेही झाले नव्हते. कृष्णवर्णीय बायकांना मोर्चाच्या शेपटाला ठेवण्याचा घाट आयोजकांपैकी काहींनी घातला होता, तरीही त्या पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरून चालल्या.

या संघटनांचं नातं जन्मभराचं असतं. सत्तरीच्या बाई आपल्या सोरॉरिटीच्या रंगाची ओढणी घेऊन नातीच्या पदवीदानाला येतात आणि ठरावीक हाळी कानावर पडली की जागच्या जागी ठेका धरतात. पायांनी आणि टाळ्यांनी ताल धरून केल्या जाणाऱ्या सामूहिक नाचाला ‘स्टेपिंग’ म्हणतात आणि ओळीने एकामागे एक चालत केल्या जाणाऱ्याला ‘स्ट्रोलिंग’. ऑक्टोबरमधल्या होमकमिंगला, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांच्या माहेरपणाच्या आठवड्यात, अख्खं यार्ड असं हलतं. आपल्याकडचे माजी विद्यार्थी मेळावे सत्कार आणि अल्पोपाहारात आटोपतात. इथे लोक विमानाची तिकिटं काढून नाचायला येतात.

आणि ती आरोळी! एकजण ओरडतो, “एच-यू!” आणि जितके कान तितक्या तोंडांतून उत्तर येतं, “यू नो!” विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरचा हा साधा खेळ. “येळकोट येळकोट” ऐकल्यावर जेजुरीच्या पायऱ्यांवर कुणी “जय मल्हार” न म्हणता गप्प राहील का? तसंच. २०१६च्या मे महिन्यात बराक ओबामा पदवीदानाच्या भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांनीही आधी ही आरोळी दिली, उत्तर घेतलं आणि मग बोलायला लागले.

पदवीदान मे महिन्यात होतं. मुख्य समारंभाची खरी जागा यार्डच. त्याखेरीज वैद्यक, कायदा, नर्सिंग असे वेगवेगळ्या शाखांचे आपापले सोहळे होतात आणि एकेकाचं नाव पुकारलं जातं ते तिथे. काळ्या झग्यावर पट्टा असतो तो बहुधा केंटेचा. घानामधल्या असांटे लोकांचं हे हातमागाचं कापड पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांनी झळाळतं. सपाट चौकोनी टोप्यांवर मुलंमुली मणी, फुलं, आईवडिलांचे फोटो चिकटवतात. ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे गाणं लागलं की सगळे उभे राहतात. जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी लिहिलेलं आणि त्यांच्या भावाने चाल लावलेलं हे १९०० सालचं गाणं कृष्णवर्णीयांचं राष्ट्रगीत मानलं जातं.

टाळ्या शेवटी एकदमच वाजवा, अशी विनंती अमेरिकेतल्या अनेक समारंभांत व्यासपीठावरून होते. कृष्णवर्णीय विद्यापीठांत ती कुणी फारशी मनावर घेत नाही. नाव उच्चारलं की चौथ्या रांगेतून आई किंचाळते, मागून मामा शिट्टी मारतो, कुणीतरी भोंगा आणलेला असतोच. शिस्तप्रिय मंडळी नाकं मुरडतात. मला विचाराल तर तो गोंगाट हाच समारंभाचा गाभा आहे आणि भाषणं ही त्याला लावलेली झालर. ज्यांच्या पणजोबांना अक्षर शिकवणं दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुन्हा होता, त्यांनी नातवंडाच्या नावाला हळूच टाळी वाजवावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

हा गोंगाट दाराबाहेर अडवला की काय होतं, तेही दिसलेलं आहे. ९ मे २०२४ला नर्सिंग आणि संलग्न आरोग्यशाखांचा समारंभ क्रॅम्टन सभागृहात होता. सभागृहात जागा साधारण पंधराशे लोकांची. ती भरली, दारं बंद झाली आणि बाहेर नातेवाईक ताटकळले. आतली नावं ऐकू येईनात, तेव्हा दारं ठोठावणं सुरू झालं. दाराची काच फुटली. समारंभ मध्येच थांबवावा लागला. आत झगा घालून बसलेल्या मुलींचं नाव पुकारायचं राहिलं आणि त्या रडू लागल्या. विद्यापीठाने नंतर माफी मागितली. गर्दीला बेशिस्त म्हणणं सोपं आहे. पण एका पदवीमागे दहा-बारा माणसं येणार, हा हिशेब या टेकडीवर नवा नव्हता.

व्यासपीठावरच्या भाषणांपैकी दोनच सांगतो. पहिलं ४ जून १९६५चं, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं. वर्षभरापूर्वी नागरी हक्कांचा कायदा झाला होता, मताधिकाराचा कायदा दोन महिन्यांवर होता. टेक्सासच्या या गोऱ्या राजकारण्याने पदवीधरांसमोर सांगितलं की, वर्षानुवर्षं साखळदंडात ठेवलेल्या माणसाला सोडून शर्यतीच्या रेषेवर आणून उभं केलं आणि आता तू सगळ्यांच्या बरोबरीने धाव म्हटलं, तर त्याला न्याय म्हणत नाहीत. राखीव जागांवरचे आपल्याकडचे वाद ज्यांनी ऐकलेत, त्यांना हा युक्तिवाद परका वाटणार नाही. अमेरिकेतल्या सकारात्मक कृतीच्या धोरणाची चर्चा आजही या भाषणापाशी येऊन थांबते.

दुसरं भाषण २०१८चं, चॅडविक बोझमन या नटाचं. त्या वर्षी त्याच्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटाला जगाने डोक्यावर घेतलं होतं. बोझमन इथलाच, २०००चा पदवीधर. विद्यार्थी असताना याच आवारातून जाताना समोरून मुहम्मद अली चालत आले आणि त्यांनी गमतीने मुठी उगारल्या, ही आठवण त्याने सांगितली. काही आठवड्यांपूर्वीच विद्यार्थ्यांनी आर्थिक मदतीतल्या गैरव्यवहारावरून प्रशासन इमारत नऊ दिवस अडवून धरली होती. पाहुण्याने तो विषय टाळला असता तरी चाललं असतं. त्याने आंदोलन करणाऱ्यांचं कौतुक व्यासपीठावरूनच केलं. नोकरीपेक्षा आयुष्याचं प्रयोजन शोधा, असं तो सांगत होता, तेव्हा त्याला कर्करोग होऊन दोन वर्षं झाली होती आणि समोरच्या हजारोंपैकी जवळपास कुणालाच त्याची कल्पना नव्हती. २०२०च्या ऑगस्टमध्ये तो गेला. ललित कला महाविद्यालयाला आता त्याचं नाव आहे. ते भाषण आज पुन्हा पाहताना वाक्यावाक्याला अडखळायला होतं.

प्रशासनाची इमारत अडवण्याची परंपराही पदवीदानाइतकीच इथली म्हणायला हवी. १९६८च्या मार्चमध्ये विद्यार्थ्यांनी ती ताब्यात घेतली ती अभ्यासक्रमात कृष्णवर्णीयांचा इतिहास हवा म्हणून. २०२१मध्ये वसतिगृहांच्या दुरवस्थेवरून ब्लॅकबर्न या विद्यार्थी-केंद्रात महिनाभराहून अधिक काळ ठाण मांडलं. ज्या संस्थेच्या कायदा शाखेने थर्गुड मार्शल घडवला, तिला हे ऐकून घ्यावंच लागतं. मार्शल १९३३चे पदवीधर. शाळांमधला वर्णभेद मोडून काढणारा १९५४चा खटला त्यांनी जिंकला आणि पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

रँकिन चॅपेलचा धागा मात्र थेट आपल्याकडे येतो. चॅपेलचे डीन हॉवर्ड थर्मन (नावाचा विद्यापीठाशी संबंध नाही, योगायोग आहे) १९३६च्या सुरुवातीला बारडोलीला गांधीजींना भेटले. त्यानंतरच्या हिवाळ्यात इथल्या धर्मविद्या शाखेचे डीन बेंजामिन मेज वर्ध्याला गांधीजींकडे आले. अहिंसा म्हणजे नेमकं काय, आणि जातिव्यवस्थेवर तुम्ही सरळ घाव का घालत नाही, असे दोन्ही प्रश्न त्यांनी विचारले. त्याच दौऱ्यात म्हैसूरकडे एका अस्पृश्यांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले एक अस्पृश्य अशी करून दिली. मेज आधी दचकले, चिडले; मग त्यांना पटलं की मुख्याध्यापक खोटं बोललेले नाहीत. हेच मेज पुढे अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि तिथे मार्टिन ल्यूथर किंग नावाचा विद्यार्थी त्यांना गुरू मानू लागला.

५ नोव्हेंबर २०२४च्या संध्याकाळी यार्डवर पुन्हा गर्दी होती. आईकडून तमिळ आणि वडिलांकडून जमैकन असलेल्या, अल्फा कप्पा अल्फाच्या गुलाबी-हिरव्या रंगातल्या, १९८६च्या पदवीधर कमला हॅरिस यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालाची रात्र इथे घालवायचं ठरवलं होतं. सुरुवातीला सोरॉरिटीच्या बायका नाचल्या. मग पडद्यावर राज्यांचे आकडे येत गेले, तसा आवाज उतरत गेला. मध्यरात्रीनंतर व्यासपीठावरून सांगण्यात आलं की त्या आज बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या आणि डग्लस हॉल पाठीशी ठेवून त्यांनी पराभव मान्य केला. समोर आदल्या रात्रीचे बरेच चेहरे होते. हॅरिस यांनी आयुष्यातली पहिली निवडणूक लढवली आणि जिंकली, ती याच टेकडीवर. पहिल्या वर्षाची वर्गप्रतिनिधी म्हणून.